दुसऱ्यातून सुटते

"दुसऱ्यातून सुटते," तोक्तोसुनआता म्हणाले,
आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली,
दवाखान्यात बसल्यासारखी.

नारीनच्या बाजारामागे माझं गॅरेज:
मालाचा लोखंडी डबा, कोळशाची शेगडी,
भिंतीवर मापाप्रमाणे लावलेले पाने, दहाचा सोडून.
दहाचा नेहमी दुसरीकडे असतो.

गाडी इझ. माझ्याहून अकरा वर्षांनी थोरली.
टाकीवर लाल रंग, त्याखाली निळा, त्याखाली पत्रा.

मी लगेच पाना उचलत नाही.
शेजारचा मेल्स उचलतो. आधी इंजिन फोडतो,
मग विचारतो, होतंय काय.
दुखणं म्हशीला, डाग पखालीला.

चढावर की उतारावर?
"चढावर."
थ्रॉटल पिळल्यावर की सोडल्यावर?
"पिळल्यावर. ओझं असलं की हमखास."
कसलं ओझं?
"मेंढी. कधी दोन. कधी बायको."
सुटायच्या आधी हाताला कळतं का?
ते थांबले. "पायाला कळतं."
तेव्हाच मी कान टवकारायला हवे होते.

गाडी घेऊन डोंगराच्या रस्त्याला लागले.
पहिला. दुसरा. चढ सुरू.
विजेच्या चौथ्या खांबापाशी खट्.
इंजिन एकटंच ओरडत वर गेलं,
मी खाली राहिले.

परत येऊन क्लचची केबल पाहिली: ठीक.
लिव्हरचा बोल्ट: घट्ट.
झाकण काढून स्प्रिंग दाबली, तिनं बोट परत ढकललं.
छर्रा गोल, स्वच्छ, निर्दोष.
तेल सोडलं कुमीसच्या फुटक्या भांड्यात,
त्यात चुंबक फिरवला:
राखाडी चिखल, आणि दोन चकाकते कण,
माशाच्या खवल्याएवढे.

मग मात्र फोडावंच लागलं.

गिअरच्या कुशीतले दात विटेसारखे हवेत,
कडा बोटाला टोचणाऱ्या.
हे न्हाणीतल्या साबणासारखे.
दाताला दात लागतो,
पण जोर आला की निसटतो,
कबूल करता करता माणूस निसटतो तसा.
आणि फोर्क: एका बाजूनं नखभर झिजलेला,
तापून निळा पडलेला.
एकाच बाजूनं.

स्प्रिंग असं करत नाही. जुनं तेल असं करत नाही.
कुणीतरी त्याला सतत रेटत होतं.

बाहेर आले.
आता स्टुलावर, चहाची वाटी हातात.
डाव्या बुटाची टाच जमिनीवर, टोक वर उचललेलं,
खाली लिव्हर नसताना.

"तुम्ही पायानं धरून ठेवता?"
"सोडला तर सुटते."
"कधीपासून?"
त्यांनी वाटी खाली ठेवली.
"पहिल्यांदा सुटली तेव्हा मागे सायरा होती.
ओढ्याकडचा चढ. गाडी मागे आली.
तिचं मनगट गेलं.
चार वर्षं झाली. पुन्हा सुटू दिली नाही."

मी काही बोलले नाही.
फोर्क त्यांच्या तळहातावर ठेवला.
अंगठ्यानं ते निळी बाजू चोळत राहिले,
जणू पुसली जाईल.

त्या दिवशी ती का सुटली, आता सांगता येत नाही.
पायानं पुरावाच झिजवून टाकलाय.

फोर्क आणि दोन गिअर मेल्सच्या भंगारातून मिळाले
(दहाचा पानाही तिथेच, माझ्या खुणेसकट).
तीन दिवसांनी गाडी दिली आणि बजावलं,
पाय सपाट ठेवा, फूटरेस्टवर. दात धरतील.
त्यांनी मान डोलवली,
खुराकीबद्दल सल्ला ऐकताना डोलवतात तशी.

फाटकाबाहेर पहिला टाकला. मग दुसरा.
बुटाचं टोक वरच होतं,
पण लिव्हरपासून दोन बोटं लांब.

धुळीत गाडी वळणाआड गेली.
मी शेगडी न पेटवता उभी राहिले,
चौथ्या खांबापर्यंत किती वेळ लागतो
ते मला पाठ आहे.